समर एलचं होमब्रू किट: डबे चांगले, हॉप्स भारी, सूचनांच्या कागदाकडे मात्र दुर्लक्ष करा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. घरच्या घरी समर एल, म्हणजे उन्हाळ्यात प्यायची हलकी सोनेरी बिअर करायचं, दोन डब्यांचं, एकूण ३ किलो माल्ट एक्स्ट्रॅक्टचं (बिअरचा घट्ट पाक), सोबत हॉप्सचं (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) वेगळं पाकीट असलेलं किट घ्या, पैसे वसूल आहेत, आणि नीट केली तर बिअर पबमधल्या चांगल्या गोल्डन एलच्या तोडीची होते, हे मी अगदी मनापासून लिहितेय. फक्त डब्याबरोबर जो कागद येतो तो जसाच्या तसा पाळू नका कारण त्यात सगळी घाई आहे. आणि एकदा बिअर तयार झाली की मात्र उलट करा, साठवून ठेवू नका, ताजी असतानाच संपवा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण का ते समजलं तरच उपयोग म्हणून सविस्तर लिहितेय.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये. तक्रार आहे ती सूचनांच्या कागदाबद्दल, आणि तसाच कागद मी दुसऱ्या कंपन्यांच्या किटमध्येही बघितलाय, मग एकालाच का धरायचं.

आम्ही इंग्लंडमधल्या डर्बीला राहतो, इथून बिअरसाठी नावाजलेलं बर्टन-अपॉन-ट्रेंट गाडीने अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे बिअरचा विषय इथे कुणाशीही काढा, लोक उभ्याउभ्या तासभर बोलतात. बर्टनचं पाणी जिप्समवालं, म्हणजे त्यात सल्फेट भरपूर, आणि त्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा एकदम स्वच्छ आणि खणखणीत लागतो, म्हणून तर १८२० च्या दशकात बर्टनच्या ब्रुअरीज हिंदुस्थानात पेल एल पाठवायला लागल्या आणि कलकत्त्या-मुंबईच्या गोऱ्या साहेबांनी ती उचलून धरली. किटवाल्यांना मला हाच प्रश्न विचारायचा होता की आमच्या नळाच्या पाण्याचं काय, ते चालेल का. दुकानातल्या काकांनी सांगितलं ते पटलं: एक्स्ट्रॅक्ट म्हणजे कारखान्यात बार्लीच्या माल्टचा काढा करून, त्यातलं पाणी उडवून घट्ट केलेला पाक, त्यामुळे तिथल्या पाण्यातले क्षार त्यात आधीच आलेले असतात, आपण नुसतं पाणी परत घालतो. म्हणून पाण्याच्या क्षारांची काळजी किटमध्ये फार करायची नाही. क्लोरीनची मात्र करायची. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टच्या कामातून निघणाऱ्या पदार्थांशी जुळलं की बिअरला दवाखान्यातल्या औषधासारखा वास येतो, आणि तो कशानेही जात नाही. कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून २३ लिटर पाण्यात टाकली की काम झालं, काही पैशांची गोष्ट आहे, कागदावर याचा उल्लेखसुद्धा नाही.

आता एक डब्याचं किट आणि दोन डब्यांचं किट यातला फरक, कारण दुकानात गेल्यावर पहिला गोंधळ इथेच होतो. एक डब्याचं किट साधारण १.७ किलोचं, स्वस्त असतं, पण त्यात तुम्हाला वरून किलोभर साखर घालायला सांगतात. साखर पूर्ण आंबते, अल्कोहोल वाढतं, पण अंग येत नाही, बिअर पातळ पाणचट होते. समर एल आधीच हलकी, त्यात अजून पातळ केली तर उरलं काय. दोन डब्यांच्या किटमध्ये साखर लागतच नाही (बाटल्या भरतानाची चिमूटभर सोडून), सगळं माल्टच. किमतीत दहा-बारा पाउंडांचा फरक पडतो, तो द्या. असं किट साधारण २५ ते ३० पाउंडांना पडतं आणि ४० पिंट (साधारण २३ लिटर) निघतात, म्हणजे पिंटला साठ-पंचाहत्तर पेन्स, आमच्याकडे पबमध्ये तीच पिंट पाच पाउंडांच्या आसपास जाते. बादली, हायड्रोमीटर (बिअरची घनता मोजायची नळी, आंबणं कुठवर आलं ते त्यावरून कळतं), सायफन (बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात काढायची नळी), बाटल्यांची झाकणं बसवायचं यंत्र हा पहिल्या वेळचा खर्च वेगळा, पण तो एकदाच.

डबा घेताना तारीख बघा!! हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. एक्स्ट्रॅक्ट शेल्फवर पडून राहिला की हळूहळू काळवंडतो आणि त्याला एक जुनाट, शिळ्या काकवीसारखी चव येते. काळ्या स्टाउटमध्ये ती लपून जाते, सोनेरी समर एलमध्ये लपायला जागाच नसते. लोक म्हणतात ना किटच्या बिअरला किटची चव येते, त्यातली निम्मी बदनामी शिळ्या डब्यांमुळे आहे असं माझं मत आहे. आमच्या डब्याची मुदत अजून वर्षभराहून जास्त होती आणि झाकण उघडल्यावर पाक मधासारखा स्वच्छ, वास ताज्या माल्टचा.

करायची पद्धत तशी सोपी. डबे दहा मिनिटं गरम पाण्यात उभे करून ठेवायचे म्हणजे पाक सैल होतो, मग बादलीत ओतायचा, डब्यात उकळतं पाणी घालून खळबळून उरलेलं काढायचं, एकूण तीन-साडेतीन लिटर उकळत्या पाण्यात नीट ढवळून विरघळवायचं, मग थंड पाण्याने वर आणायचं. कागदावर २३ लिटर लिहिलंय. मी म्हणेन २१ वर थांबा. २३ लिटरला हायड्रोमीटर १.०३९-१.०४० दाखवतो आणि शेवटी बिअर ३.९ टक्क्यांच्या आसपास येते, २१ ला सुरुवात १.०४३ च्या जवळ होते, सव्वाचार टक्के, आणि तेवढ्याने तोंडात जो भरीवपणा येतो तो मला कमी निघणाऱ्या चार पिंटांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. यीस्ट टाकायच्या आधी बादली जोरजोरात ढवळा, हवा मिसळू दे, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. एकदा आंबायला लागलं की मात्र पुन्हा हवा लागू द्यायची नाही, ओतताना शिंतोडे नाहीत, खळखळाट नाही.

आणि स्वच्छता, ती तर आपल्या घरात वेगळी शिकवायला नको, लोणचं घालताना बरणीला ओला हात लागू न देणारी माणसं आपण. बादली, चमचा, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं बूच), सगळं सॅनिटायझरमधून काढायचं. न धुता वापरता येणारं सॅनिटायझर मिळतं ते घ्या, वेळ वाचतो.

यीस्टबद्दल एक गोष्ट. किटमध्ये ६ ग्रॅमची पुडी होती, त्यावर प्रकार वगैरे काही लिहिलेलं नव्हतं. काम करते, नाही असं नाही, पण समर एलला स्वच्छ आंबवणारं यीस्ट हवं जे हॉप्सच्या मधे मधे येणार नाही. तीन-चार पाउंड जास्त घालून नॉटिंगहॅम किंवा यूएस-०५ ची ११ ग्रॅमच्या आसपासची पुडी घेतली तर सुरुवात लवकर होते आणि शेवटपर्यंत नीट आंबतं, अर्ध्यात अडकत नाही. कंपनीने किंमत दोन पाउंड वाढवून हेच यीस्ट आत दिलं तर मी आनंदाने देईन.

तापमान. इथे खरी मेख आहे, आणि गंमत म्हणजे समर एल लोक उन्हाळ्यातच करायला घेतात. कागदावर १८ ते २४ अंश लिहिलंय. २४ ला करू नका. आंबताना बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी वर जातं कारण यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, म्हणजे खोलीत २४ तर आत २६-२७, आणि तिथे यीस्ट अशी काही अल्कोहोलं सोडतं की दुसऱ्या ग्लासाला डोकं जड व्हावं, वर नेलपॉलिशसारखा वास. इंग्लंडच्या घरात एसी नसतो, जुलैमध्ये वरच्या खोल्या तापतात. आम्ही जिन्याखालच्या कपाटात एका मोठ्या टबात पाणी घालून त्यात बादली ठेवली, बादलीला नवऱ्याचा जुना सुती टीशर्ट घातला, त्याची खालची कड पाण्यात, म्हणजे कापड सतत ओलं राहतं आणि माठाचं पाणी जसं थंड होतं तसं हे थंड राहतं, बाष्पीभवनाने. फार उकडायला लागलं की पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून टबात सोडायची. बादलीवर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर १९-२० अंश राहिलं, बाहेर २८ असताना. पहिले तीन दिवस हे सांभाळलं की पुढे फारशी चिंता नाही.

आता हॉप्स, ज्यासाठी हे किट घ्यायचं.

आधी थोडं समजून घ्या की पाकीट वेगळं का देतात. हॉप्समध्ये दोन गोष्टी असतात, एक कडवटपणा देणारी आम्लं आणि दुसरी सुगंधी तेलं. आम्लांचा कडवटपणा बिअरमध्ये उतरायला तास-तासभर उकळावं लागतं, आणि तेलं उकळली की उडून जातात. डब्यातल्या एक्स्ट्रॅक्टमध्ये कडवटपणा कारखान्यातच घातलेला असतो, पण पाक आटवताना सुगंध सगळा जातो. म्हणून ज्या किटमध्ये हॉप्सचं पाकीट नाही त्यात सुगंध नाही, डब्यावर लिंबू-संत्र्याचं कितीही सुंदर चित्र असू दे. आमच्या किटमध्ये कॅस्केड आणि सिट्रा अशा दोन जातींच्या दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या होत्या. कॅस्केड ही अमेरिकेतल्या ओरेगनची, १९७२ ला बाजारात आली आणि अमेरिकन पेल एलचा तो ग्रेपफ्रूटसारखा (पपनसाच्या जातीतल्या फळासारखा) वास तिच्यामुळे, सिट्रा बरीच नंतरची, २००८ च्या सुमारासची, तिच्यात आंबा, लिची, लिंबाची साल असं सगळं येतं. इंग्रजांच्या स्वतःच्या हॉप्स म्हणजे फगल, गोल्डिंग्ज, त्या मातकट-फुलकट वासाच्या, छानच असतात पण त्यांचा बाज निराळा. सोनेरी रंगाची, उन्हाळ्यात प्यायची एल ही कल्पनाच इंग्लंडमध्ये तशी नवी आहे, सॉमरसेटमधल्या एक्समूर ब्रुअरीने १९८६ मध्ये एक्समूर गोल्ड काढली तिथून ती धरली, त्याआधी एल म्हटली की तांबूस-तपकिरी.

पाकीट फाडलं आणि स्वयंपाकघरात पपनस सोलल्याचा वास पसरला. पपनसाची ती जाड साल वाकवली की बोटांवर तेलाचे बारीक फवारे येतात ना, अगदी तो वास, मागून जरासा पिकत आलेल्या आंब्याच्या देठाचा. गोळी दोन बोटांत चुरडली की चिकट होते आणि बोट पिवळसर पडतं, ती पिवळी पूड म्हणजेच ल्युप्युलिन, सगळी किमया तिच्यात. चाखून बघायचा मोह टाळा, जीभ तासभर कडू राहते. हॉप्सची वेल भांगेच्या कुळातली आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण नशेशी तिचा संबंध नाही, नातं फक्त वनस्पतिशास्त्रातलं. आपल्याकडे हिमाचलमध्ये लाहौल खोऱ्यातही हॉप्स पिकतात.

कागद म्हणतो सुरुवातीलाच यीस्टबरोबर हॉप्स टाका. नका टाकू. पहिले काही दिवस बादलीतून कार्बन डायऑक्साइड नुसता धो धो बाहेर पडत असतो आणि तो तुमचा सुगंध बरोबर घेऊन जातो, घरात मस्त वास येतो पण तो वास ग्लासात हवाय, जिन्यात नाही. वरचा तपकिरी फेस खाली बसला, एअरलॉकचे बुडबुडे मंदावले की साधारण सहाव्या-सातव्या दिवशी टाका आणि तीन ते पाच दिवस राहू द्या, जास्त नको, मग गवतासारखी चव उतरायला लागते. किटमध्ये हॉप्ससाठी पिशवी दिलेली नाही. गोळ्या बादलीत सुटून गाळ होतात आणि तो गाळ बिअर काढताना नळात अडकतो. मलमलची पिशवी उकळून घ्या, आत एखादा स्टीलचा चमचा टाका म्हणजे बुडेल, आणि पिशवी मोठी घ्या, गोळ्या चांगल्याच फुगतात.

आणि आता घाईचा मुद्दा. कागदावर लिहिलंय ४ ते ६ दिवसांत आंबणं पूर्ण, बाटल्या भरा. हे मला धोकादायक वाटतं, नुसतं चवीच्या दृष्टीने नाही. साखर पूर्ण आंबायच्या आत बाटलीत बंद केलं तर आंबणं बाटलीत चालू राहतं, दाब वाढत जातो, आणि काचेची बाटली फुटते. त्यात हॉप्समध्येही अशी काही एन्झाइम्स असतात जी उरलेल्या न आंबणाऱ्या साखरा मोडून यीस्टला पुन्हा खाऊ देतात, म्हणजे हॉप्स टाकल्यावर थांबलेलं आंबणं परत जरासं सुरू होऊ शकतं. त्यामुळे दिवस मोजू नका, एअरलॉककडे बघू नका, हायड्रोमीटर बघा. १.०१० च्या आसपास आला आणि लागोपाठ तीन दिवस तोच आकडा दाखवला तर भरा. बहुतेक वेळा १२ ते १४ दिवस लागतात. एवढं एक वाक्य जरी छापलं असतं तरी नव्या माणसाचं किती भलं झालं असतं.

बाटल्या तपकिरी रंगाच्याच घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून उजेड आत गेला की हॉप्समधल्या कडवट घटकांचं रूपांतर होऊन एक घाणेरडा, कुबट वास येतो, उन्हात ठेवली तर काही मिनिटांतसुद्धा. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी तपकिरी प्लास्टिकच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या सुचवेन, दाब सहन करतात आणि हाताने दाबून बघितलं की गॅस धरला की नाही ते कळतं, कडक लागली म्हणजे झाली. अर्ध्या लिटरच्या बाटलीला अर्धा छोटा चमचा साखर, किंवा सगळ्या बॅचला मिळून १०० ग्रॅमच्या आसपास साखर थोड्या पाण्यात उकळून दुसऱ्या बादलीत घालायची आणि त्यावर बिअर अलगद सायफन करायची, ही दुसरी पद्धत जास्त चांगली, सगळ्या बाटल्यांत सारखा गॅस येतो. मग दोन आठवडे खोलीच्या तापमानाला, नंतर गार जागी.

चव? रंग फिकट सोनेरी, किंचित धूसर, ती धूसरता हॉप्समुळे असते, दोष नाही. फेस पांढरा, बारीक, ग्लासाच्या कडेला चिकटून राहतो. नाकाशी नेली की आधी पपनस, मग लिंबाची साल, प्यायल्यावर मधे बिस्किटासारखा माल्टचा हलका गोडवा आणि शेवटी कोरडा, नीटस कडवटपणा जो घशाशी रेंगाळतो आणि दुसरा घोट मागतो. पाणचट अजिबात नाही. किटची म्हणून जी चव सांगतात ती मला शोधूनही सापडली नाही, आणि आमच्या शेजारच्या आजोबांनी, जे आयुष्यभर बर्टनची बिटर एल पीत आलेत, ग्लास रिकामा करून अजून आहे का असं विचारलं, मला ती पावती पुरेशी आहे. एकच कमी सांगायची तर हॉप्स अजून थोडे हवे होते. ग्लास बर्फासारखा गार करू नका, १० ते १२ अंश बास, फार गार केली तर वास मरतो आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तेच हरवतं.

खायला बरोबर काय, तर कांदाभजी, कोथिंबीर वडी, रवा लावून तळलेला मासा, हे सगळं सुरेख जातं, तळणीचा तेलकटपणा कडवटपणाने कापला जातो. ठेचा किंवा झणझणीत मिसळ मात्र नको, हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीचा तिखटपणा एकमेकांना चढवतात, दोन्हीची मजा जाते.

पुण्याच्या मावसबहिणीने फोटो बघून लगेच विचारलं की ताई मला पण किट पाठव ना. तिला नाही म्हटलं आणि तुम्हालाही सांगते. इथे ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, करही नाही, फक्त विकायची नाही, एक बाटलीसुद्धा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी असं काही बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिथे हा प्रयोग नको. पुण्यात तर चांगल्या मायक्रोब्रुअरीज आहेत, डुलाली तिथेच २००९ ला सुरू झाली, ताजी हॉपी एल तिथे जाऊन प्या.

किती दिवसांत संपवायची: बाटलीत भरल्यावर चौथ्या ते आठव्या आठवड्यात ती सगळ्यात सुंदर लागते. त्यानंतर खराब होत नाही, पण सुगंध दर आठवड्याला उतरत जातो, तीन-चार महिन्यांनी पपनस गेलेलं असतं आणि नुसती बरी फिकी एल उरते. म्हणून दिवाळीसाठी ठेवू वगैरे विचार करू नका, मेमध्ये लावा, जुलैमध्ये मित्रमंडळींना बोलवा. उरलेले हॉप्स असतील तर हवाबंद करून फ्रीजरमध्ये टाका, बाहेर ठेवले तर काही आठवड्यांत चीजसारखा वास मारतात.

आणि घरात कुत्रा असेल तर हॉप्सची वापरलेली पिशवी उघड्या कचऱ्यात किंवा बागेतल्या खतात टाकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, त्यांचं अंग भयंकर तापतं आणि जीवावर बेतू शकतं, खाल्ले असा नुसता संशय आला तरी लगेच व्हेटला फोन करा. हे आमच्या किटच्या खोक्यावर कुठेच छापलेलं नव्हतं, आणि कंपनीला मी ईमेल करून हे छापायला सांगितलंय.